बर्फाच्या रस्त्यावर जाण्यापूर्वी



हिवाळ्यासाठी मोटारीची तयारी, हा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. आपल्याकडे गाडीला जपायचे ते पावसाळ्यात. हिवाळा हा उलट गाडी बाहेर काढण्याचा ऋतू. रस्ते कोरडे, हवा स्वच्छ. घाटात धुके पडलेच तर नऊ वाजेपर्यंत विरून जाते. मग तयारी कसली करायची?

पण ३ ऑक्टोबर २०२० रोजी मनालीच्या वरचा अटल बोगदा खुला झाला आणि ही गोष्ट बदलली. पूर्वी लाहौलच्या खोऱ्यात जायचे म्हणजे जवळजवळ चार हजार मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि ती हिवाळ्यात बर्फाने बंद असे. आज नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून आपण काही मिनिटांत पलीकडे सिस्सूला पोहोचतो. त्यामुळे नाताळच्या सुटीत पुण्या-नाशकाहून सुमारे दोन हजार किलोमीटर गाडी हाकून, मुलाबाळांसह बर्फ पाहायला जाणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. हौस चांगली आहे. पण आपली गाडी आपल्या हवेत वाढलेली असते. ती थंडीत कशी वागते, हे घरीच समजून घेतलेले बरे.

पहिली गोष्ट रेडिएटरची. आपल्याकडे पाणी कमी झाले की नळाचे पाणी ओतून मोकळे होणारे मालक पुष्कळ आहेत. इकडे त्याने फारसे बिघडत नाही असे वाटते. पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि ते इंजिनाच्या आत गोठले तर लोखंडालाही तडा जातो. लाहौलमध्ये रात्री पारा उणे दहाच्याही खाली उतरतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते मिश्रण उणे तीसच्याही खाली टिकते. म्हणून निघण्याआधी मिस्त्रीकडून जुने पाणी काढून योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीलाही हाच न्याय लावा. त्यात न गोठणारे द्रावण हवे. मात्र इंजिनाचे कूलंट तिथे चालत नाही, काच धुण्याचे द्रावण वेगळे मिळते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. बॅटरीत वीज तयार होते ती रासायनिक क्रियेने, आणि थंडीत ही क्रिया मंदावते. उणे अठरा अंशांच्या सुमारास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झालेले असते, म्हणजे सेल्फला काम जास्त आणि जोर कमी. नाशकात कशीबशी चालणारी तीन-चार वर्षांची बॅटरी केलाँगला पहाटे दगा देते ती यामुळे. गॅरेजमध्ये ती तपासून घ्या, शंका असेल तर बदला. तेलाच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असे काही लिहिलेले असते. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कोणते तेल सांगितले आहे, ते पाहूनच घालावे.

डिझेलची गाडी असेल तर आणखी एक काळजी. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. कडक थंडीत ते वेगळे होऊन फिल्टर तुंबवतात आणि टाकी भरलेली असूनही गाडी बंद पडते. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाख, काझा, केलाँग अशा भागांसाठी उणे तेहेतीस अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल काढले ते याच कारणासाठी. तेव्हा मैदानातले डिझेल भरपूर घेऊन वर जाऊ नये. टाकी डोंगरातल्या पंपावर भरावी.

आता चाके. आपल्या टायरचे रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि त्याची पकड सुटते. जर्मनीत बर्फाच्या रस्त्यावर वेगळे हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. त्यांवर पर्वत आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत, म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या घ्याव्या. त्या टायरच्या मापाच्याच हव्यात, आणि ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांवर चढवाव्या. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाके असतात. साखळ्या चढवून पाहण्याचा प्रयोग घरच्या अंगणात एकदा करावा. गारठलेल्या बोटांनी, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना हे शिकता येत नाही. मोकळ्या डांबरावर आलात की साखळ्या काढायच्या. आणि टायरमधली हवा मुक्कामाच्या गावी सकाळी, चाके थंड असताना पुन्हा तपासायची.

कुणी म्हणेल, आमच्या गाडीची चारही चाके ओढतात, आम्हाला काय भीती! चारही चाके ओढतात हे गाडी सुटायला उपयोगी, पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चार चाकांना असतात. बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतरही लागू शकते, आणि तिथे सगळ्या गाड्या सारख्याच. त्यातही शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ सर्वांत निसरडा. दुपारी वितळलेले पाणी उन्हे कलली की पुन्हा गोठते, आणि काळ्या रस्त्यावर ते दिसतही नाही. पुलांवर आणि डोंगराच्या सावलीत ते आधी गोठते. म्हणून परतीची वाट दुपारीच धरावी. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

शेवटची तयारी अडकून पडण्याची. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग नाला ते अटल बोगदा या वाटेवर सुमारे हजार वाहने बर्फात अडकली होती; पोलिसांनी प्रवाशांना बाहेर काढले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी असेच झाले, पण तिथे वीसहून अधिक माणसे, काही कुटुंबेच्या कुटुंबे, आपल्या गाड्यांतच मृत्यू पावली. यात थंडीइतकाच वायूचाही हात होता. ऊब यावी म्हणून इंजिन चालू ठेवायचे, काचा बंद करायच्या. बाहेर बर्फ साचून सायलेन्सरचे तोंड बुजते आणि कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. माणसाला गुंगी येते, आणि ती त्याला झोपच वाटते.

हे टाळायला फार काही लागत नाही, एक फावडे लागते. गाडी अडकली तर आधी सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढा, आणि दर वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा काढा. इंजिन तासाला दहा मिनिटांहून अधिक चालवू नका. तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. सगळ्यांनी एकदम झोपू नये. फावड्याबरोबर घोंगड्या, बॅटरी जोडण्याच्या तारा, दोरखंड, विजेरी, पाणी आणि दशम्या-चिवड्यासारखा कोरडा शिधा डिकीत असावा. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये.

आणि एक वस्तू डिकीत मावत नाही, ती रजेच्या अर्जात मागून घ्यावी लागते. ती म्हणजे एक दिवस जास्तीचा. दोन हजार किलोमीटर येऊन, मुले मागे आशेने बसलेली असताना, पोलीस नाक्यावर ‘आज वर जाऊ नका’ असे ऐकणे जिवावर येते. उद्याच परतायचे असले तर माणूस हुज्जत घालतो, आडवाट शोधतो. हाताशी दिवस असला, तर तो निमूटपणे गाडी वळवतो, मुलांना मनालीत गरम चहा-कॉफी पाजतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पुन्हा निघतो.