नाव कोणाचे?



स्त्रीने कसे असावे याविषयी आपल्या कुटुंबांची जी अपेक्षा असते, तिची एकच खूण आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. ती खूण म्हणजे तिचे नाव.

आपल्या भोपाळवर १८१९ ते १९२६ या काळात, मधली काही वर्षे सोडता, चार बेगमांची सत्ता होती. कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ या शहराच्या स्मरणात आहेत त्या स्वतःच्या नावाने, पतीच्या नव्हे. पण गादीवरचा हा मान घराघरांत पोहोचला नाही. येथे स्थिरावलेल्या मराठी घरांतही नववधूचे नवे नाव तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिले जात राहिले. माझेही तसेच लिहिले गेले. पुढे पदवीवर एक नाव आणि पगारपत्रकावर दुसरे. दोन्ही मीच, हे मला शपथपत्रावर लिहून द्यावे लागले.

१८७३ साली कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी येऊन रमाबाई झाली. १८७४ साली दुसरी एक यमुना गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह होऊन आनंदी झाली, आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली. दोघींच्या पतींनी लोकनिंदा सोसून त्यांना शिकविले; ते ऋण मोठेच आहे. तरीही पत्नीचे नाव बदलण्याची रूढी या सुधारकांच्या घरांतही टिकून राहिली.

नवे नाव मायेने दिलेले असते, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. माझा आक्षेप नाव बदलण्याला नाही, न विचारण्याला आहे. मुलगा हवा असताना जन्मलेल्या मुलींना ‘नकुशी’ म्हणणारी घरे आपल्याच समाजात आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली. कित्येकींनी ती स्वतः निवडली होती. तेथेही नाव बदललेच, पण त्या बदलाने मुलींना मान मिळाला.

विवाहानंतर नाव बदलावे असे कोणताही कायदा सांगत नाही. म्हणून ताटात तांदूळ पसरण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी सुनेला एवढेच विचारावे : ‘तुला कोणत्या नावाने हाक मारू?’ ती जे उत्तर देईल, तेच तिचे नाव.