नाव, आडनाव आणि ओळख
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



बडोद्याच्या राजघराण्यात चिमणाबाई नावाच्या दोन महाराणी होऊन गेल्या. सयाजीराव गायकवाडांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहिते. १८८० मध्ये विवाह होऊन त्या चिमणाबाई झाल्या आणि १८८५ मध्ये निवर्तल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई सून म्हणून आल्या. त्यांनाही चिमणाबाई हेच नाव मिळाले. व्यक्ती बदलली, नाव तेच राहिले. जणू ते नाव व्यक्तीचे नव्हे, जागेचे होते. या दुसऱ्या चिमणाबाईंनी १९११ मध्ये भारतीय स्त्रीच्या स्थितीविषयी सहलेखकासह इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. एवढे कर्तृत्व असूनही इतिहास त्यांना ओळखतो तो 'द्वितीय' या क्रमांकाने. गजराबाई हे नाव शोधावे लागते.

यावर कोणी म्हणेल, नाव तर महाराजांचेही बदलले होते. खरेच आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक आले आणि सयाजीराव झाले. परंतु कवळाण्याच्या गोपाळची कथा बडोद्यात पोराटोरांना ठाऊक आहे. त्या पूर्वनामाने त्यांच्या थोरवीत भरच पडली. गजराबाईंच्या पूर्वनामाची तशी कथा झाली नाही. नाव बदलणे हा प्रश्न नाहीच. प्रश्न आहे तो आधीचे नाव कोणाचे जपले जाते आणि कोणाचे पुसले जाते, हा.

एम. ए. मराठीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या टिपणवहीत हा धागा फार चिकाटीने धरला आहे. निमित्त क्षुल्लक होते. एका वाचनालयाच्या सभासदत्वाच्या अर्जावर 'वडिलांचे अथवा पतीचे नाव' असा रकाना होता. तोच अर्ज तिच्या भावाने भरला तेव्हा 'पतीचे' हा शब्द त्याला दिसलासुद्धा नाही. नावाआधीचे त्याचे 'श्री.' अठराव्या वर्षापासून ऐंशीपर्यंत तेच राहील. तिला मात्र कु., सौ., श्रीमती असा प्रवास करावा लागणार, आणि प्रत्येक मुक्कामी एका पुरुषाचे असणे वा नसणे जगाला कळवावे लागणार. २०२३ मध्ये महाराष्ट्रात विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हे जुने संबोधन शासकीय व्यवहारात आणण्याची सूचना पुढे आली, तेव्हा तिला मोठा विरोध झाला. त्या विरोधाचे मर्म हेच होते.

पुढे ही विद्यार्थिनी ग्रंथालयाच्या तालिकेकडे वळली. खरे तर नावांचा इतिहास वाचायचा तर तालिकेसारखे पुस्तक नाही! 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाले आणि मराठी पांढरपेशा समाजात खळबळ उडाली. अविवाहित, शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातले कोणी असे उघड मांडले नव्हते. ही विभावरी कोण, याचाच शोध लोक अधिक करीत होते. त्या होत्या बळुताई खरे; विवाहानंतर मालती बेडेकर झाल्या. 'ख'च्या, 'ब'च्या आणि 'श'च्या खणात शोधावी लागणारी व्यक्ती एकच! यांतले एक नाव वडिलांकडून आले, एक पतीकडून. तिसरे मात्र त्यांनी स्वतः घडविले, आणि वाङ्मयाने तेच लक्षात ठेवले. शांता शेळके यांनी काही गीते 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषनावाने लिहिली, हे तर रसिकांना ठाऊकच आहे.

रमाबाई रानड्यांचे माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींच्या शीर्षकात 'आमच्या आयुष्यातील' असे शब्द आहेत, 'माझ्या' नाहीत. याउलट मल्लिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनावर शाहीर पित्याचे नाव कायम ठेवले, पती नामदेव ढसाळांचे लावले नाही. बेबी कांबळे यांनी तर 'जिणं आमचं'च्या वह्या वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवल्या होत्या. तिथे प्रश्न कोणते नाव लावावे हा नव्हताच. लिहिणारी बाई म्हणून दिसण्याचीच धास्ती होती. ग्रंथालयाच्या फडताळात ही पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात, म्हणून त्यांच्यातले हे अंतर सहसा जाणवत नाही.

शब्दांचा असा आग्रह काहींना कीस काढणे वाटेल. त्यांनी हंसा मेहतांचे उदाहरण आठवावे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता; त्याजागी 'सर्व मानव' या अर्थाचा शब्द आला तो हंसाबेनच्या आग्रहाने. पुढच्याच वर्षी त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. (माहेरचे आणि सासरचे आडनाव मेहताच असल्याने त्यांची एक अडचण आपोआप टळली, हा योगायोग!) मराठीचेही पाहावे. 'बाईमाणूस' हा शब्द बहुधा तिला अडविण्यासाठी उच्चारला जातो, 'पुरुषमाणूस' हा त्याला कामातून सोडविण्यासाठी.

कायदा हळूहळू बदलतो आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि अर्जातील दोन चौकटींना तिसरी जोडली गेली. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले. मात्र त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लिहिण्याची पद्धत चालू ठेवली आहे. आई म्हणून ती दिसू लागली. स्वतः म्हणून दिसणे अद्याप बाकी आहे.

त्या विद्यार्थिनीचे आता लग्न ठरले आहे. पदवीपत्रावर एक नाव, पत्रिकेवर दुसरे छापायचे की नाही, यावर घरात बोलणी चालू आहेत. "नाव बदललं म्हणून माणूस बदलतं का गं?" असे आई म्हणते. मग तिने आजीला लग्नाआधीचे नाव विचारले. ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते, तिच्या वडिलांनासुद्धा. आजीने ते सांगितले. पण सांगताना दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. टिपणवहीतील हे पान वाचल्यावर त्या मुलीच्या हट्टाला नुसता हट्ट म्हणवत नाही.

ग्रंथपालांकरिता यातून दोन कामे निघतात. लेखिकेच्या प्रत्येक नावाचे कार्ड तालिकेत असावे आणि त्यावर 'पाहा' असा निर्देश करून ती एकमेकांना जोडावीत. आणि सभासदत्वाच्या नव्या अर्जात 'आईचे अथवा वडिलांचे नाव' व 'पूर्वीचे नाव, असल्यास आणि लिहावेसे वाटल्यास' अशा दोन ओळी असाव्यात. जुने अर्ज संपत आले की शताब्दी वर्षातच हे करता येईल. छपाईचा खर्च काही वाढणार नाही.