तक्त्याचे शीर्ष आणि पानाचा छेद
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेची रोजकीर्द हाताने लिहिताना पान भरत आले की लिहिणाऱ्याचा हात आपोआप थांबतो. तो बेरीज करून ‘पुढे नेले’ असे लिहितो, नव्या पानावर रकान्यांची नावे पुन्हा मांडतो, ‘मागील पानावरून’ आलेली रक्कम नोंदवितो आणि मगच पुढील नोंद करतो. ही शिस्त गावच्या दुकानदाराच्या खातेवहीतही आढळते. तिचे कारण साधे आहे. नुसत्या आकड्यास अर्थ नसतो. तो ज्या रकान्यात उभा असतो, त्या रकान्याच्या नावाने त्याला अर्थ प्राप्त होतो.

संगणकाच्या पडद्यावरील तक्त्यास ही शिस्त जन्मतः ठाऊक नसते, कारण पडद्याला पान नाही. संकेतस्थळावरील तक्ता गुंडाळीच्या कागदासारखा कितीही लांब वाढू शकतो. परंतु तोच तक्ता छापावयाचा म्हटले की ही गुंडाळी ए-४ च्या, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच अशा कागदांवर कापून बसवावी लागते. कात्री कोठे चालवावी हे कोणी सांगितले नसेल, तर यंत्र जागा संपेल तेथे ती चालविते.

एक उदाहरण घेऊ. एका शाळेत ६४ मुले आहेत. आरोग्य तपासणीचा तक्ता छापावयाचा आहे आणि त्यात दृष्टिदोष, श्रवणदोष, दंतदोष असे रकाने असून प्रत्येकात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहिले आहे. पहिल्या पानावर रकान्यांची नावे आहेत, दुसऱ्या पानावर नाहीत. त्या दुसऱ्या पानावर एका मुलीच्या नावापुढे ‘नाही, होय, नाही’ असे दिसते. पाने सुटी झाली, तर त्या ‘होय’चा अर्थ कोणी लावावा? ऐकू न येणारी मुलगी चष्म्याच्या यादीत जाते आणि वर्गात मागच्या रांगेत तशीच बसून राहते. चूक कागदाची असते. तिचे फळ मुलीला भोगावे लागते.

या अडचणीवर उपाय फार पूर्वीच योजिलेले आहेत. संकेतस्थळांची पाने ज्या भाषेत लिहितात, तिच्या १९९७ मधील चौथ्या आवृत्तीत तक्त्याचे शीर्ष, देह व तळ असे तीन भाग वेगळे दाखविण्याची सोय असून, लांब तक्ता छापताना शीर्ष प्रत्येक पानावर पुन्हा यावे, हाही तिचा एक हेतू सांगितलेला आहे. पुढे १९९८ मध्ये मांडणीच्या नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीने पानाचा छेद कोठे पाडावा व कोठे टाळावा, हे सांगण्याची सोय केली. मात्र तक्ता तयार करणाऱ्याने शीर्षाची ओळ शीर्ष म्हणून नोंदविली असेल, तरच यंत्र तिला ओळखते. केवळ ठळक अक्षरांत लिहिल्याने ती शीर्ष होत नाही.

शिक्षकाच्या हाती संकेतस्थळ नसले, तरी तक्ता उतरवून घेणे त्याच्या हाती असते. तक्ता एक्सेलमध्ये घेऊन ‘पेज लेआउट’मधील ‘प्रिंट टायटल्स’ येथे शीर्षाची ओळ दिली, की ती प्रत्येक पानावर उमटते. वर्डमध्ये ‘रिपीट हेडर रोज’ ही आज्ञा तेच काम करते. तेथेच एका ओळीचे दोन पानांत तुकडे होऊ न देण्याचीही सोय आहे.

यापुढे थोडे गणित आहे. वर व खाली १५ मिलिमीटर समास सोडला, तर २६७ मिलिमीटर उंची उरते. शीर्षास १२ मिलिमीटर दिले, की २५५ राहतात. ओळ ८ मिलिमीटरची असेल, तर एका पानावर ३१ ओळी मावतात; दोन पानांवर ६२ मुले येतात आणि उरलेली दोन मुले तिसऱ्या पानावर एकटी पडतात. असे जवळजवळ कोरे पान फाइलीतून सहज गळून पडते. ओळ ७.५ मिलिमीटरची केली, तर एका पानावर ३४ ओळी बसतात आणि ६४ मुले दोन पानांत सुखाने मावतात. वरच्या वर्गातील मुलांना भागाकाराचे हे उदाहरण अवश्य घालावे.

आणखी तीन ठिकाणी दक्षता हवी. पहिले, अनेक ओळींचे घर एकत्र करून ‘इयत्ता ३ री’ असे एकदाच लिहिले असेल, तर पान तुटल्यावर पुढील मुले इयत्तेवाचून उरतात. म्हणून इयत्ता प्रत्येक ओळीत लिहावी. दुसरे, रकाने फार असतील तर उजवीकडचे कापले जातात. अशा वेळी कागद आडवा घ्यावा. तिसरे, सरकपट्टी असलेल्या चौकटीतील तक्ता पुष्कळदा दिसतो तेवढाच छापला जातो. म्हणून छापलेली शेवटची ओळ मूळ तक्त्याच्या शेवटच्या ओळीशी ताडून पाहावी.

हे सर्व पाहण्यास छपाईपूर्वीचे दर्शन, म्हणजे ‘प्रिंट प्रिव्ह्यू’, पुरेसे आहे. ते उघडून प्रत्येक पानास एकच प्रश्न विचारावा: हे पान एकटेच कोणाच्या हाती पडले, तर ते त्याला वाचता येईल काय? उत्तर होकारार्थी असेल, तरच छपाईची आज्ञा द्यावी. जुन्या रोजकीर्दीत ‘मागील पानावरून’ लिहिणाऱ्या हाताने जी जबाबदारी पाळली, तीच आता यंत्राकडून पाळून घ्यावयाची आहे.