परदेशचा गौरव आणि घरचा प्रेक्षक



मराठी चित्रपटाचा परदेशांत गौरव झाल्याचें वृत्त अलीकडे वारंवार आपल्या वाचनांत येतें. तें वाचून आपणांस अभिमान वाटतो. परंतु तोच चित्रपट आपल्या जिल्ह्याच्या गांवीं केव्हां लागला आणि केव्हां उतरला, हें कित्येकांच्या ध्यानींही येत नाहीं. असें कां व्हावें, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

पूर्वीं क्रम निराळा होता. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं पडद्यावर आला. आधीं लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें आणि मग १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत तो नांवाजला गेला. अंमळनेरच्या शाळेंत ज्यांनीं शिक्षकाचें काम केलें, त्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चेंही तसेंच. पुस्तक घराघरांत वाचलें गेलेलें होतें. आचार्य अत्र्यांनीं १९५३ सालीं त्याचा चित्रपट केला, आणि १९५४ सालीं पहिलें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक त्याला लाभलें.

आतां परीक्षक आधीं पाहतात आणि आपण मागून. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयांत चाललेल्या एका लोकशाहिराच्या खटल्याची कथा सांगतो. २०१४ च्या सप्टेंबरांत व्हेनिस येथें त्याला दोन पारितोषिकें मिळालीं. पुढें राष्ट्रीय सुवर्णकमळही जाहीर झालें. आणि तेव्हां कोठें १७ एप्रिल २०१५ रोजीं तो आपल्याकडील चित्रगृहांत लागला. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्यें पितृवियोग झालेला एक मुलगा आईच्या बदलीमुळें कोंकणांत येतो. २०१४ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत मुलांच्याच परीक्षकमंडळानें त्याला पहिलें पारितोषिक दिलें. महाराष्ट्रांतील मुलांना तो चित्रगृहांत पाहावयास मिळाला २०१५ च्या जूनमध्यें. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटानेंही २०२५ च्या आरंभीं अमेरिकेंत सनडान्स येथें मोठा मान मिळविला आणि सप्टेंबरांत तो घरीं परतला.

याचें कारण उघड आहे. अशा चित्रपटाच्या निर्मात्यापाशीं जाहिरातीस द्रव्य नसतें, आणि नामांकित नट नसल्यामुळें वितरक हात आंखडता घेतो. महोत्सवांतील पारितोषिक हें त्याला एक प्रशस्तिपत्र होय. त्याच्या आधारें चित्रगृहाचें दार उघडतें खरें, परंतु तें उघडें ठेवणें प्रेक्षकांच्याच हातीं असतें. शुक्रवारीं चित्रपट लागतो. रविवारपर्यंत तिकिटें किती खपलीं तें पाहून पुढल्या आठवड्याचे खेळ ठरतात. रावेर-सावद्याच्या केळीच्या बागाईतदाराला हें निराळें समजावून सांगावयास नको. घड कितीही भरदार असो, तो वेळेवर बाजारांत पोंचला नाहीं तर वर्षाचे कष्ट मातीमोल होतात.

‘आम्ही तो पुढें घरींच पडद्यावर पाहूं,’ असें पुष्कळ जण म्हणतात. घरीं पाहण्यास हरकत नाहीं. मात्र त्या रविवारच्या हिशेबांत ती गणना येत नाहीं. ऑस्करच्या स्पर्धेंत देशातर्फे जो परभाषी चित्रपट जावयाचा, तो कोणत्या तरी चित्रगृहांत तिकीट लावून सलग सात दिवस दाखविलेला असावा, असा नियम आहे. सारांश, जगांतील परीक्षकांनाही सामान्य प्रेक्षक वगळून चालत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, हे चित्रपट संथ असतात आणि दिवसभर श्रमलेल्या माणसाला करमणूक हवी असते. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. पारितोषिक मिळालें म्हणून प्रत्येक चित्रपट आवडलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाहीं. परंतु न आवडण्याचा अधिकारही पाहिल्यावांचून प्राप्त होत नाहीं!

प्रेक्षक संघटित झाला तर काय घडतें, याचें उदाहरण १९७६ च्या ‘मंथन’ चित्रपटांत आहे. गुजराथेंतील पांच लक्ष दूधउत्पादक शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये देऊन श्याम बेनेगल यांच्या या चित्रपटाचें भांडवल उभें केलें, आणि मग तेच गाड्या भरभरून तो पाहावयास गेले. त्यांत काम करणाऱ्या स्मिता पाटील यांचें घराणें आपल्या धुळें जिल्ह्यांतील शिरपूरकडचें. २०२४ सालीं कान येथील महोत्सवांत तो पुनश्च सन्मानानें दाखविला गेला.

सहकार हा शब्द खानदेशाला नवा नाहीं. जळगांवांत वा धुळ्यांत दहा कुटुंबांनीं ठरवावें कीं, असा चित्रपट लागला म्हणजे पहिल्याच रविवारीं सहकुटुंब जावयाचें. शिक्षकांनीं वरच्या वर्गांतील मुलांना न्यावें आणि दुसऱ्या दिवशीं तासभर त्यांचें म्हणणें ऐकावें. बर्लिनची मुलें मराठी मुलाच्या कथेवर निर्णय देऊं शकतात, तर आपल्या मुलांना मत नसेल काय? चित्रपट लागलाच नाहीं, तर चित्रगृहाच्या व्यवस्थापकाला भेटून ‘आम्ही इतके जण येऊं’ असें सांगावें. रिकाम्या खुर्च्यांच्या धास्तीवर याहून चांगला उतारा नाहीं.

आपल्या भाषेंतील सुखदुःख सातासमुद्रांपलीकडील लोकांनीं जाणलें, ही आनंदाची गोष्ट आहे. तें ज्यांचें आहे, त्यांच्याच गांवीं खेळ रिकामा जाऊं नये, एवढी काळजी आपण घेऊं या.