हल्ला, अंदाज आणि आपण

(मंडळाच्या २६ नोव्हेंबरच्या श्रद्धांजली सभेत लोधीखेडा येथे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण दोन मिनिटं उभे राहतो, शहीदांच्या फोटोला हार घालतो आणि चहा घेऊन घरी जातो. यंदा कार्यकारिणीनं ठरवलं की हाराबरोबर थोडं बोलणंही व्हावं. हल्लेखोरांवर बोलायला टीव्हीवाले आहेत, त्यांचं काम आम्ही घेत नाही. आम्हाला बोलायचं आहे ते हल्ल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांवर. म्हणजे त्या दिवसांत तुम्ही-आम्ही काय बोलतो त्यावर.

सुरुवात जवळच्या गोष्टीपासून करू. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. पण आपली पोरं शिकायला नागपूरला, संत्रा नागपूरला, मोठा दवाखाना नागपूरला आणि बातमीही नागपूरचीच. त्यामुळे १ जून २००६ ला पहाटे नागपुरात संघ मुख्यालयाच्या दिशेनं लाल दिव्याची पांढरी अॅम्बेसेडर निघाली आणि पोलिसांच्या वेषातले तिघे चकमकीत मारले गेले, तेव्हा सकाळच्या चहाला लोधीखेड्यात दुसरा विषय नव्हता. दुपारपर्यंत इथं दोन तट पडले होते. एक म्हणे, यांना आसरा कोणत्या मोहल्ल्यानं दिला ते आम्हाला ठाऊक आहे. दुसरा म्हणे, हे सगळं घडवून आणलेलं नाटक. पुढे एका सत्यशोधन समितीनं काही शंका लेखी मांडल्या. तो रीतसर मार्ग झाला, पटो न पटो. पण आपल्या दोन्ही तटांनी ना पंचनामा पाहिला होता, ना त्या समितीची वाट पाहिली होती. त्यांना हवं ते उत्तर त्यांच्याजवळ आधीपासूनच होतं, घटना मागाहून आली एवढंच.

आता मुंबईकडे वळू.

२६ नोव्हेंबर २००८ ला रात्री गोळीबार सुरू झाला तेव्हा कित्येकांना ते टोळीयुद्ध वाटलं. मग 'दख्खन मुजाहिदीन' या नावानं प्रसारमाध्यमांना ई-मेल आला. हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं, तरी त्यावर चर्चा झडल्या. आत अडकवलेल्या लोकांजवळून एक अतिरेकी वाहिनीला फोन करून आपण इथलेच असल्याचं सांगत होता. या दहाजणांकडे हिंदू नावांची खोटी ओळखपत्रं होती, हैदराबादच्या कॉलेजची. पाठवणाऱ्यांनी आपला स्वभाव नीट ओळखला होता, बंधूंनो. इथली माणसं आधी बोट दाखवतात आणि मग पुरावा शोधतात, हे धरूनच ती ओळखपत्रं बनवली होती.

हा डाव फसला तो गिरगाव चौपाटीवर. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत हाती लागला. आपण त्यांचं शौर्य आठवतो, ते योग्यच. पण कसाब जिवंत सापडला नसता तर काय झालं असतं, याचा विचार करा. खोटं ओळखपत्र आणि खोटा ई-मेल तेवढा उरला असता, आणि आजही आपण एकमेकांकडे बोट दाखवत बसलो असतो. जिवंत माणूस सापडला म्हणून त्याचं गाव सापडलं, आणि जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला तो आपला नागरिक असल्याचं मान्य करावं लागलं. २०१० मध्ये खटल्याचा निकाल लागला, २०१२ मध्ये फाशी झाली.

त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक होते. खाली काय चाललंय, कोण आहे, किती आहेत, त्यांना काही ठाऊक नव्हतं. स्फोट ऐकू आला, माणसं पडताना दिसली, तेवढ्यावर त्यांनी माईकवरून सांगायला सुरुवात केली की मागच्या बाजूनं, पहिल्या फलाटाकडून बाहेर पडा. हीच घोषणा पुन्हा पुन्हा केली. कोणी केलं याबद्दल एक शब्द नाही. शेकडो माणसं त्या आवाजाच्या भरवशावर बाहेर पडली.

आणि वाहिन्या? कमांडो कुठून उतरतात, कोणत्या मजल्यावर आहेत, सगळं थेट दाखवत होत्या. कराचीत बसलेले सूत्रधार तेच पाहून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या कसाब निकालात यावर कडक शब्दांत लिहिलं, आणि २०१५ मध्ये अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला नियमानं बंदी आली. २८ नोव्हेंबरला तर सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची नुसती अफवा उठली आणि दक्षिण मुंबई पळत सुटली. आपल्याकडेही त्या दिवशी मुंबईला फोन लावून लावून मंडळी घाबरीघुबरी झाली होती.

आता हेमंत करकरे साहेबांकडे येतो. ते नागपूरचे, विश्वेश्वरय्या कॉलेजचे इंजिनिअर, म्हणून आपल्याला त्यांचा अभिमान जरा जास्त. मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा तपास त्यांच्याकडे होता. त्यामुळे त्यांच्या मृत्यूनंतर अंदाजांना ऊत आला. १७ डिसेंबरला केंद्रीय मंत्री असलेल्या अंतुल्यांनी शंका काढली, आठवड्याभरात गृहमंत्री चिदंबरम यांनी ती खोडली. पुस्तकं निघाली. दुसऱ्या बाजूनं त्याच करकरेंना तपासाबद्दल शिव्याशापही दिले गेले, पुढे निवडणुकीच्या काळातसुद्धा. एकानं त्यांच्या मरणाचं भांडवल केलं, दुसऱ्यानं त्यांच्या कामाचं. आणि ज्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर पडले, तिथं त्याच गाडीत मागे जखमी होऊन पडलेले शिपाई अरुण जाधव वाचले होते. त्यांनी काय पाहिलं ते न्यायालयात सांगितलं आहे. ते वाचायची तसदी किती जणांनी घेतली?

इथं आम्हाला विनीता कामटे यांचं नाव घ्यायचं आहे. पती गेल्यावर त्यांच्याही मनात प्रश्न होते, आणि ते आपल्या सर्वांपेक्षा टोकदार होते. मदत मागितल्यावर ती का पोचली नाही? जखमी अधिकारी रस्त्यावर किती वेळ पडून राहिले? त्यांनी कोणाचं नाव घेऊन चौकात बोट दाखवलं नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, पोलीस नियंत्रण कक्षाच्या त्या रात्रीच्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या, त्या मिनिटामिनिटानं लावल्या आणि २००९ मध्ये पुस्तक लिहिलं. कविता करकरे यांनीही पतीच्या बुलेटप्रूफ जाकिटाचं काय झालं हे अर्ज करूनच विचारलं, तेव्हा ते गहाळ असल्याचं उघड झालं.

मंडळाचं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न असे विचारायचे असतात. आपण अंदाजात रमतो त्याचा फायदा खुर्चीवरच्यांना होतो. समुद्रावर गस्त का नव्हती, एनएसजी मुंबईत पोचायला सकाळ का उजाडली, पोलिसांना जाकिटं आणि बंदुका कसल्या होत्या, हे विचारायचं राहून जातं. प्रधान समितीनं २००९ मध्ये पोलीस नेतृत्वातल्या उणिवा लिहून ठेवल्या. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १ डिसेंबर २००८ ला राजीनामा दिला आणि २००९ च्या निवडणुकीनंतर ते त्याच खात्यात परत आले. त्यावर आपल्याकडे कोणी चकार शब्द काढल्याचं आठवत नाही. आपण तोवर करकरेंना कोणी मारलं यावर भांडत होतो.

चुकीच्या अंदाजाची किंमत कोण देतं, ते मालेगावात दिसतं. ८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर मशीद आणि कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. पकडले गेले ते त्याच समाजातले नऊजण. २०११ मध्ये जामीन मिळाला, २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपातून मुक्त केलं. त्याच गावात २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा स्फोट झाला, सहाजण मेले, आरोपी दुसऱ्या बाजूचे. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयानं ते सातही जण निर्दोष सोडले, संशय हा पुरावा होत नाही असं सांगून. दोन्ही वेळा एका बाजूनं पेढे वाटले आणि दुसरी बाजू गप्प झाली. ज्यांची माणसं मेली त्या घरांना मात्र कोणी केलं ते अजून कळलेलं नाही. आपल्याला ते दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत कळलं होतं!

आणि २२ एप्रिल २०२५ चं पहलगाम. २६ जण गेले, त्यात सहा महाराष्ट्रातले, एक आपल्या इंदूरचे, आणि एक तिथलाच मुसलमान घोडेवाला. त्या आठवड्यात एका जोडप्याचा नाचतानाचा व्हिडिओ 'शहीद नौदल अधिकाऱ्याचे शेवटचे क्षण' म्हणून आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलवर आला. ते जोडपं जिवंत होतं, त्यांनाच पुढे येऊन सांगावं लागलं. त्या अधिकाऱ्याची पत्नी म्हणाली की मुसलमानांना आणि काश्मिरींना लक्ष्य करू नका, आम्हाला न्याय हवा आहे. तर तिच्यावरच लोक तुटून पडले. महिला आयोगाला निषेध करावा लागला. सुरक्षेतल्या चुकीची जबाबदारी जम्मू-काश्मीरच्या उपराज्यपालांनी घेतली ती जुलैमध्ये, आणि ती बातमी फारशी कोणी पुढे पाठवली नाही.

तेव्हाच आमच्या एका बैठकीत सूचना आली होती, की बाजारातल्या ठराविक लोकांशी व्यवहार बंद करावा आणि तसा मजकूर मंडळाच्या फलकावर लावावा. सूचना करणारे आपलेच, वयानं वडील, त्यांचा संताप खराच होता. त्यावर मागून एका काकांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या मृगाच्या बागेचा सौदा कोणाला दिला होता? पैसे आले का पूर्ण?" सगळे हसले. पैसे यायचे होते, आणि घेणारे बागवान चार पिढ्यांपासून आपल्या बागा उचलणारे. सूचना तिथंच थांबली. पण बंधूंनो, ती हिशेबानं थांबली. ज्याच्याकडे कोणाचं काही देणं नाही, अशा हातगाडीवाल्याचं नाव आलं असतं तर थांबली असती का, याची आम्हाला खात्री वाटत नाही. म्हणूनच आज हे बोलणं.

कार्यकारिणीनं तीन गोष्टी ठरवल्या आहेत, त्या ऐकून घ्या आणि हरकत असेल तर इथंच सांगा. अशी घटना घडली की पहिले तीन दिवस मंडळाच्या फलकावर आणि मोबाईलवरच्या गटात फक्त मृत-जखमींची माहिती, मदतीचे फोन नंबर आणि पोलिसांचं अधिकृत निवेदन लागेल. नागपूरला शिकणाऱ्या मुलामुलींची आणि बाहेर गेलेल्या ट्रक ड्रायव्हर मंडळींची विचारपूस करायचं काम महिला शाखेनं घेतलं आहे, घराघरातून नंबर द्यावेत. श्रद्धांजली सभेचं निमंत्रण गावातल्या सगळ्या समाजांना जाईल, मशिदीच्या कमिटीलाही, आणि सभेत घोषणा होणार नाहीत. गावात अफवा उठली तर सौंसरच्या टी.आय. साहेबांना विचारून मगच बोलायचं, हे तर सांगायलाच नको.

आणखी एक. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, दहा रुपये कुठं भरायचे, अपील किती दिवसांत करायचं, हे आपल्यातले एक निवृत्त मास्तर दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत शिकवणार आहेत. पहिला अर्ज आपल्या रेल्वे स्टेशनावर आणि आठवडी बाजारात सुरक्षेची काय व्यवस्था आहे यावर करायचा आहे. सह्या करणाऱ्यांनी सभा संपल्यावर थांबावं, वही टेबलावर ठेवली आहे.