वाचक आणि लेखक : जिव्हाळ्याचे नाते



विशिष्ट लेखकाकडे वाचकाचे मन का ओढले जाते, या प्रश्नाची साधारणतः तीन उत्तरे दिली जातात : भाषेचे सौष्ठव, विषयाचे नावीन्य आणि मतांची जुळणी. यांपैकी तिसरे उत्तर कसोटीस लावावयाचे झाल्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राकडे वळावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकनजीकच्या जलालपूरचा. शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी आरंभी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. पुढे १९०० मध्ये त्यांनीही तोच धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली.

आता गोमंतकातील देवस्थानांशी निगडित वाचकाची कल्पना करावी. सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी व बारदेश येथील देवालये पाडली गेली आणि कित्येक कुटुंबे आपल्या कुलदेवतांसह अंत्रुज महाली आली. ती आठवण येथील घराघरांत पिढ्यानुपिढ्या जपली गेली आहे. धर्मांतराची कथा अशा वाचकास जवळची वाटावी, असे कोणतेही कारण दिसत नाही. परंतु हे पुस्तक उघडल्यावर तो ते मिटत नाही. मराठी वाचकाने लक्ष्मीबाईंना केव्हाच आपल्या मानल्या आहेत.

याचे रहस्य त्यांच्या प्रामाणिकपणात आहे. पती सोडून गेल्याचे दुःख त्या लपवीत नाहीत, त्याच्यावरील राग झाकीत नाहीत आणि त्याच्यावरील प्रेमही उणे करून सांगत नाहीत. वडिलांच्या पराकाष्ठेच्या सोवळ्याने घरास झालेला जाच त्या सांगतात. त्यात हसूही असते आणि कळवळाही. स्वतःची फजिती तर त्या सर्वांआधी सांगून मोकळ्या होतात. आपले मत वाचकाच्या गळी उतरविण्याची घाई त्यांना नसते. भाषा घरगुती, तिन्हीसांजेस सोप्यावर बसून घरातील वडीलधाऱ्या बाईने जुन्या गोष्टी सांगाव्यात, तशी.

वादात जिंकू पाहणाऱ्या लेखकापुढे वाचक सावध होऊन बसतो. स्वतःचे उणे आधी सांगणाऱ्या लेखकाशी मात्र तो मनातले बोलू लागतो. मत न पटताही माणूस पटू शकतो, हे ज्या लेखणीस साधते तिच्याकडे वाचक पुनःपुन्हा वळतो. ज्यांच्या पूर्वजांनी श्रद्धेसाठी घरदार सोडले, त्यांनाच श्रद्धेपायी दुभंगलेल्या या संसाराची व्यथा अधिक कळावी, हे स्वाभाविकच आहे.