कष्टकऱ्याचे आरोग्य : मालकाचे आणि नगरपालिकेचे कर्तव्य
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी आम्ही शिक्षणावर बोलतो, संघटनेवर बोलतो. यंदा कामावर बोलायचे ठरवले. संध्याकाळी इथे वंदनेला बसणारी आपली माणसे दिवसभर असतात कुठे? कोणी जिनिंगात, कोणी नगरपालिकेच्या सफाईत, कोणी वीटभट्टीवर, कोणी दुसऱ्याच्या वावरात. वंदना चालू असताना मागून खोकल्याची ढास येते, ती आता आम्हाला ओळखीची झाली आहे.

भगवान बुद्धांनी सिगालाला गृहस्थधर्म सांगितला, तो दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात मालकाची पाच कर्तव्ये आहेत. ताकद पाहून काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. कामगाराचीही पाच सांगितली आहेत. ती मात्र मालक लोकांच्या बरोबर ध्यानात राहतात!

बाबासाहेबांनी हाच विचार कायद्यात आणला. बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार मालकाने व सरकारने उचलावा, ही बाजू त्यांनी 1928 सालीच मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडली. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1946 साली कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 झाले, त्यामागे त्यांचीच मेहनत होती.

आता आपल्या खामगाव-मलकापूरकडचे पाहू. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा आजार होतो. त्याची खूण अशी की, सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो, मग दोन दिवसांत बरे वाटते. म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. घरचे म्हणतात, बिडी पितो म्हणून खोकतो. बिडीने तो वाढतो हे खरे, पण मूळ धुळीत आहे. धूळ ओढणारे पंखे, नाकातोंडावर चांगली पट्टी आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी, एवढे मालकाला जड नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांत कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद आहे. पण हंगामापुरता ठेकेदाराने आणलेला माणूस, त्याचे हजेरीपटावर नावच नसेल तर तपासणी कोणाची करणार? म्हणून आधी नाव लागले पाहिजे.

नगरपालिकेचे तर काय सांगावे. 2013 च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा आहे, मग तो पालिकेने उतरवो की ठेकेदाराने. अशा कामात जीव गेला तर वारसाला 30 लाख रुपये द्यावेत, असे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. 2014 साली ही रक्कम 10 लाख होती. आम्ही पैशासाठी हे सांगत नाही. बाई, तुमचा माणूस टाकीत उतरायला निघाला तर त्याला दारातच अडवा, म्हणून सांगतो.

आमच्या वस्तीतल्या एका भावाला बूट मिळाले, पण एका मापाचे, सगळ्यांना सारखे. ते त्याने पोराला खेळायला दिले. साहित्य दिल्याची सही मात्र कागदावर आहे. मापाचे बूट, हातमोजे, काम संपल्यावर आंघोळीला पाणी आणि कपडे बदलायला एक खोली, एवढे झाले तरी घरात येणारे निम्मे दुखणे बाहेर राहील.

शिवाय ऊन. घाटावर बुलढाण्याला वारा लागतो, घाटाखाली वैशाखात माणूस भाजून निघतो. झाडण्याचे, खोदकामाचे काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवणे मुख्याधिकाऱ्यांच्या आणि ठेकेदारांच्या हातात आहे. त्याला वेगळा निधी लागत नाही. पाण्याचा माठ आणि सावली मात्र लागते, बायांसाठी जवळ संडास लागतो.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात अर्ज लिहायला बसणार आहोत. ज्यांचे नाव हजेरीपटावर नाही त्यांनी ठेकेदाराचे नाव, कामाची जागा आणि किती वर्षांपासून काम करतो ते सांगावे. लिहिता येत नसेल तर आपली कॉलेजातली पोरे लिहून देतील. बायांनीही यावे. जयभीम.